प्रतिजैविक-प्रतिरोध: माणूस, जनावर आणि सांडपाणी यांत आधी कशाला हात घालावा?

प्रश्न तीन भागांचा आहे. माणसांची रुग्णालये, पशुवैद्यकीय सेवा आणि सांडपाण्याची व्यवस्था या तिन्हींना बरोबर घेऊन प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध, म्हणजे जंतू अँटिबायोटिक औषधांना दाद देईनासे होण्याविरुद्ध, कार्यक्रम आखायचा असेल, तर पशुपालनातील औषधांचा वापर घटवल्याने माणसांना खरोखर किती लाभ होतो, पर्यावरणाचा वाटा किती धरायचा, आणि पैसा व माणसे मोजकीच असतील तर सुरुवात कशाने करायची? रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा चालवताना आणि पशुवैद्य व जलतज्ज्ञ यांच्याबरोबर संयुक्त समित्यांवर काम करताना हे प्रश्न माझ्यापुढे वारंवार आले आहेत, म्हणून निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. लाभ होतो, पण तो प्रत्येक जंतूच्या बाबतीत सारखा नसतो. पर्यावरणाचा वाटा एकाच टक्केवारीत सांगता येत नाही, कारण तेथे तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. पहिला खर्च संसर्ग होऊच न देण्यावर आणि विश्वासार्ह मोजमापावर करावा, कारण वापर घटवण्याचे बाकीचे सारे उपाय या दोहोंच्या आधारावरच टिकतात.

प्रतिरोध वाढतो तो दोन प्रक्रियांनी, आणि कार्यक्रम आखताना त्या वेगळ्या धरणे आवश्यक आहे. पहिली प्रक्रिया निवडीची. प्रतिजैविकाच्या संपर्कात आलेल्या जिवाणूंपैकी संवेदनशील मरतात, तग धरणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. दुसरी प्रक्रिया प्रसाराची. तग धरणारा जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, किंवा त्याचे प्रतिरोधी जनुक प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बसून भलत्याच जातीच्या जिवाणूमध्ये उतरते. केवळ औषधांच्या वापरावर लक्ष ठेवणारा कार्यक्रम पहिल्या प्रक्रियेलाच आवर घालतो. हात न धुतलेले कर्मचारी, उघडी गटारे, दाटीवाटीचे गोठे आणि खुराडी यांमधून दुसरी प्रक्रिया चालूच राहते, आणि मग वापराचा आलेख खाली आला तरी प्रतिरोधाचा आलेख तसूभरही हलत नाही.

प्लाझ्मिडमुळे काय घडू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण कोलिस्टिनचे आहे. हे औषध मूत्रपिंडाला अपायकारक असल्याने माणसांच्या उपचारातून जवळपास बाद झाले होते, आणि दरम्यानच्या काळात अनेक देशांत ते डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जाऊ लागले. पुढे कार्बापेनेमसारख्या अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही न जुमानणारे जंतू अतिदक्षता विभागांत दिसू लागले, तेव्हा डॉक्टरांना हेच जुने कोलिस्टिन शेवटचा उपाय म्हणून पुन्हा हाती घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ हे कोलिस्टिन-प्रतिरोधाचे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे जाहीर केले. ते डुकरांत, विक्रीच्या मांसात आणि रुग्णांतही आढळले होते. त्यानंतर जुन्या साठवलेल्या नमुन्यांची तपासणी झाली आणि अनेक खंडांत ते आधीपासूनच पोहोचले असल्याचे स्पष्ट झाले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातील कोलिस्टिनचा वाढ-प्रवर्तक म्हणून होणारा वापर बंद केला, भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. चीनमधील पुढच्या पाहणीत प्राण्यांमधील प्रमाण तर उतरलेच, शिवाय निरोगी माणसांच्या आतड्यात हे जनुक असण्याचे प्रमाणही २०१६ ते २०१९ या काळात निम्म्याहून खाली आले. पशुखाद्यातील निर्णयाचा परिणाम माणसाच्या आतड्यापर्यंत पोहोचतो, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

कॅनडातील क्विबेक प्रांताचे उदाहरण मला त्याहूनही बोलके वाटते, कारण तेथे तोच प्रयोग दोन्ही दिशांनी झाला. उबवणी केंद्रांत अंड्यांमध्ये सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविक टोचण्याची पद्धत होती. साल्मोनेला हायडेलबर्ग या जंतूतील प्रतिरोध वाढू लागल्यावर २००५ मध्ये व्यावसायिकांनी ती स्वेच्छेने थांबवली. २००४ ते २००६ या काळात दुकानांतील कोंबडीच्या मांसात मिळणाऱ्या या जंतूमधील प्रतिरोध ६२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि रुग्णांतील प्रतिरोध ३६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. २००७ मध्ये वापर अंशतः पुन्हा सुरू झाला आणि आकडे पुन्हा चढू लागले. वापर आणि प्रतिरोध यांचा संबंध केवळ योगायोगाचा असावा अशी शंका घेणाऱ्या पशुपालक संघटनांपुढे मी नेहमी हेच उदाहरण ठेवतो.

तरीही एवढ्यावरून ‘पशुपालनातील औषधे बंद करा, रुग्णालये सुरक्षित होतील’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू प्रामुख्याने अन्नातून माणसापर्यंत येतात, म्हणून तेथे पशुपालनातील बदलाचा लाभ लवकर आणि स्वच्छ दिसतो. अतिदक्षता विभागातील क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांचे गणित निराळे आहे. ते मुख्यतः रुग्णालयातच, एका रुग्णाच्या कॅथेटर आणि व्हेंटिलेटरपासून दुसऱ्या रुग्णापर्यंत पसरतात. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एन्टेरोकोकस या आतड्यातील जंतूचा इतिहास या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. युरोपात अ‍ॅव्होपार्सिन हे व्हॅन्कोमायसिनच्याच जातकुळीतले औषध पशुखाद्यात घातले जात होते. एकट्या डेन्मार्कमध्ये १९९४ साली माणसांसाठी सुमारे २४ किलो व्हॅन्कोमायसिन वापरले गेले, तर प्राण्यांसाठी सुमारे २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन. त्यामुळे प्राण्यांत आणि निरोगी माणसांतही हा जंतू पसरला होता. अमेरिकेत मात्र अ‍ॅव्होपार्सिनला कधीही परवानगी नव्हती, आणि तरीही रुग्णालयांतील या जंतूचा उपद्रव तेथेच आधी आणि अधिक तीव्रतेने झाला, कारण तेथील रुग्णालयांत व्हॅन्कोमायसिनचा वापर मोठा होता आणि रुग्णांमधील प्रसार रोखला जात नव्हता. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातही, रक्तातील संसर्ग घडवणारे, ईएसबीएल (पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे निकामी करणारी विकरे) बनवणारे ई. कोलाय हे आतड्यातील जंतू प्रामुख्याने माणसांतच फिरणाऱ्या वंशांचे असल्याचे दिसले. मांसातील वंश बहुतांशी वेगळे होते. तेव्हा रुग्णालयाने आपल्या अडचणीचे खापर गोठ्यावर फोडू नये, आणि गोठ्यानेही रुग्णालयाकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेऊ नये.

डेन्मार्कच्या त्याच कथेत आणखी एक धडा आहे, जो धोरणकर्त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिन बंद झाल्यावर कोंबड्यांतील प्रतिरोध लक्षणीय घटला, पण डुकरांतील घटेना. कारण असे निघाले, की डुकरांच्या खाद्यात टायलोसिन हे दुसऱ्याच गटातील औषध चालू होते, आणि त्याच्या प्रतिरोधाचे जनुक व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोधाच्या जनुकाशेजारी एकाच प्लाझ्मिडवर बसलेले होते. टायलोसिनचा वापर १९९८ च्या सुमारास घटला तेव्हा कोठे डुकरांतील प्रतिरोध उतरू लागला. यालाच सहनिवड म्हणतात. ती केवळ औषधांमुळे होत नाही, तर खाद्यात भरपूर प्रमाणात घातलेले जस्त आणि तांबे यांच्यामुळेही होते. पिलांच्या जुलाबांवर औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडला युरोपीय संघाने २०२२ मध्ये मनाई केली, त्यामागे जमिनीत साठणाऱ्या जस्ताच्या चिंतेबरोबर हेही एक कारण होते. एकच औषध बंद करून प्रतिरोध उतरत नसेल, तर बंदी फसली असे समजण्यापूर्वी बाजूला दुसरे काय दिले जाते आहे ते पाहावे.

आता पर्यावरणाकडे वळू. येथे तीन गोष्टी घडतात असे मी वर म्हटले. मातीत आणि पाण्यात प्रतिरोधी जनुकांचा फार जुना साठा आहे. अनेक प्रतिजैविके ही मुळात मातीतील सूक्ष्मजीवांचीच निर्मिती असल्याने त्यात आश्चर्य नाही, आणि त्या साठ्याचे आपण फारसे काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काही ठिकाणी पाण्यातच निवड घडते. हैदराबादजवळच्या पाटणचेरु येथील औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पातळीपेक्षाही हे प्रमाण अनेक पटींनी जास्त होते. अशी ठिकाणे जगात थोडी आहेत, पण त्यांचा उगम ठाऊक असतो, मालक ठाऊक असतो आणि उपाय तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध असतो. म्हणून पर्यावरणातील पहिले काम मी कारखान्यांच्या सांडपाण्यालाच मानतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या उत्पादनातील सांडपाणी आणि घनकचरा यांबद्दलचे मार्गदर्शन सप्टेंबर २०२४ मध्ये दिले. औषध खरेदी करणाऱ्या मोठ्या संस्थांनी निविदेत त्याचे पालन ही अट घातली, तर केवळ तपासणीने जे होत नाही ते होऊ शकते.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, म्हणजे पाणी हा प्रसाराचा मार्ग आहे. घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराच भाग मूळ स्वरूपातच शरीराबाहेर पडतो हे खरे. पण मैल्यातून औषधाबरोबर प्रतिरोधी जंतूही कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतात, आणि मैलापाण्यावर प्रक्रिया होत नसेल तर ते पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्यात उतरतात. साठ देशांतील शहरी सांडपाण्याच्या २०१९ मधील तुलनेत प्रतिरोधी जनुकांच्या प्रमाणाचा संबंध औषधवापरापेक्षा स्वच्छता, आरोग्य आणि विकासाच्या निर्देशकांशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. २०१८ मधील दुसऱ्या एका अनेक-देशीय विश्लेषणाचा कलही तसाच होता. असे संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण शौचालये, मैलाप्रक्रिया आणि शुद्ध पाणी यांचा खर्च प्रतिरोधाच्या खात्यात कधीच मांडला जात नाही, ही त्रुटी मला गंभीर वाटते. ज्या ठिकाणी प्रसार मोकाट आहे, तेथे निव्वळ औषधाच्या चिठ्ठ्या तपासत बसल्याने फार काही हाती लागणार नाही.

पर्यावरणाच्या चर्चेत बुरशी बहुधा विसरली जाते, तिच्याबद्दल दोन वाक्ये. पिकांवर फवारली जाणारी ट्रायझोल गटातील बुरशीनाशके आणि माणसांच्या फुप्फुसातील अ‍ॅस्परजिलस या बुरशीवर दिली जाणारी अ‍ॅझोल औषधे यांची रासायनिक घडण एकाच घराण्यातली आहे, आणि ज्या रुग्णांनी अ‍ॅझोल कधी घेतलेच नाही त्यांच्यातही प्रतिरोधी बुरशी सापडते, हे नेदरलँड्समध्ये प्रथम ठळकपणे लक्षात आले. त्यामुळे संयुक्त समितीवर कृषी विभागाचा वनस्पतिसंरक्षण अधिकारी असलाच पाहिजे, केवळ पशुसंवर्धनाचा पुरेसा नाही.

संसर्ग टाळण्यावर पहिला खर्च करावा असे मी का म्हणतो, त्याचे उत्तर नॉर्वेच्या सामन माशांत आहे. १९८७ मध्ये तेथील मत्स्यपालनात सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. नंतर जिवाणूजन्य रोगांवरच्या परिणामकारक लसी आल्या, दोन उत्पादन-फेऱ्यांच्या मध्ये जागा रिकामी ठेवण्याची शिस्त आली, आणि दशकभराच्या आत वापर एक-दोन टनांवर उतरला, तोही उत्पादन अनेक पटींनी वाढत असताना. शेतकऱ्याला औषध सोडायला सांगितले गेले नाही. त्याला औषधाची गरजच उरली नाही. नेदरलँड्सने २००९ नंतर पशुपालनातील प्रतिजैविकांची विक्री सुमारे ७० टक्क्यांनी घटवली, तेथे मात्र लसीपेक्षा मोजमापाने काम केले. प्रत्येक फार्मचा आणि प्रत्येक पशुवैद्याचा वापर नोंदवून त्याची इतरांशी तुलना केली गेली आणि वरच्या टोकाला असलेल्यांना सुधारणेची योजना द्यावी लागली. दुधाळ जनावरांचा कासदाह असो किंवा आईपासून तोडलेल्या पिलांचे जुलाब, बहुतेक वापर काही मोजक्या आजारांभोवती एकवटलेला असतो. म्हणून ‘वापर कमी करा’ या सर्वसाधारण आवाहनापेक्षा त्या दोन-तीन आजारांची कारणे दूर करणे, म्हणजे दूध काढण्यातील स्वच्छता, पिले तोडण्याचे वय, गोठ्यातील गर्दी आणि एकदम भरून एकदम रिकामे करण्याची पद्धत यांवर काम करणे, केव्हाही अधिक फळते. कळपाला खाद्यातून वा पाण्यातून सरसकट प्रतिबंधक औषध देण्याची सवय मात्र नियमानेच मोडावी लागते. युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून ती मोडली. आजारी जनावराचा उपचार नाकारणे हा यातील कोणाचाच हेतू नाही, आणि पशुपालकांशी पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट केले नाही तर पुढचे सहकार्य मिळत नाही.

माणसांच्या बाबतीतही लसीचे स्थान तेच आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून जवळजवळ सर्व नेहमीच्या औषधांना प्रतिरोधी असलेला विषमज्वर पसरला, आणि २०१९ मध्ये तेथे टायफॉइडची संयुग्म लस नियमित लसीकरणात आली. ज्याला ताप आलाच नाही त्याला औषध लिहावे लागत नाही, मग तो जंतू प्रतिरोधी असो वा नसो. औषधवापराबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ पासूनची तीन गटांची विभागणी व्यवहारात उपयोगी आहे: सहज वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखीव. सप्टेंबर २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या घोषणेत जगभरच्या मानवी वापरापैकी किमान ७० टक्के वापर पहिल्या गटातून व्हावा असे लक्ष्य ठेवले आहे. याचा अर्थ केवळ वापर घटवा असा नाही. जगाच्या मोठ्या भागात न्यूमोनिया झालेले मूल साध्या अ‍ॅमॉक्सिसिलिनअभावीही दगावते, आणि ज्या कार्यक्रमात औषध मिळण्याचा विचार नाही तो नैतिकदृष्ट्याही लंगडा आहे. उपचाराचा कालावधीही तपासून पाहावा. अनेक संसर्गांत पाच ते सात दिवस पुरेसे असल्याचे चाचण्यांनी दाखवले आहे, तरी दहा किंवा चौदा दिवसांच्या चिठ्ठ्या सवयीने लिहिल्या जातात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत हे कळले तरी फरक पडतो. इंग्लंडमध्ये सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचे एक पत्र गेले आणि त्यांचा वापर ३.३ टक्क्यांनी घटला. आकडा लहान आहे, पण खर्च टपालाएवढाच होता.

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल या आशेवर कार्यक्रम आखू नये. प्लाझोमायसिनला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि ते बनवणारी अकाओजेन ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जे औषध राखून ठेवायचे त्याची विक्री होत नाही, आणि विक्रीवर जगणाऱ्या कंपनीला ते परवडत नाही. यावर विक्रीशी न जोडलेली वार्षिक रक्कम देण्याचा ब्रिटनचा प्रयोग योग्य दिशेने आहे, पण तो राष्ट्रीय पातळीवरचा विषय आहे; स्थानिक कार्यक्रमाने त्यात वेळ घालवू नये.

मोजमापाबद्दल मी थोडा आग्रही आहे, कारण वाईट आकड्यांवर घेतलेले निर्णय दीर्घकाळ नुकसान करतात. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची आकडेवारी उपचार फसलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवर उभी असते, त्यामुळे प्रतिरोध आहे त्यापेक्षा अधिक दिसतो आणि डॉक्टर घाबरून आणखी वरच्या गटातील औषध लिहू लागतात. एका रुग्णाचा एका कालावधीतील पहिलाच नमुना धरावा, आणि एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने असतील तर त्याची टक्केवारी काढू नये, एवढे दोन नियम पाळले तरी चित्र पुष्कळ सुधारते. तिन्ही क्षेत्रांची तुलना करायची तर तिन्हीकडे एकच जंतू एकाच पद्धतीने तपासला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायसायकल ही पद्धत नेमके हेच करते: रुग्ण व निरोगी माणसे, अन्नसाखळीतील कोंबड्या आणि सांडपाणी व नदी यांत ईएसबीएल बनवणारे ई. कोलाय मोजायचे. याला महागडे जनुकीय यंत्र लागत नाही. शिस्तीची प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. औषधवापरही किलोत मोजून भागत नाही. माणसांत तो ठरावीक दैनिक मात्रांत आणि प्राण्यांत एकूण वजनाच्या प्रमाणात, म्हणजे दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम असा मांडावा, नाहीतर कळप वाढला की वापर वाढला असा खोटा निष्कर्ष निघतो. डेन्मार्कने १९९५ पासून प्राणी, अन्न आणि माणसे यांचे आकडे एकाच कार्यक्रमात गोळा केले, आणि टायलोसिनचा गुंता तेथे उलगडला तो या सलग नोंदींमुळेच.

प्रश्नाचा आवाका मात्र नजरेआड होऊ देऊ नये. २०१९ मध्ये जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या घोषणेने यातील दुसरा आकडा आधार धरून २०३० पर्यंत दहा टक्के घट ठरवली आहे. पशुपालनासाठी तिच्यात निश्चित टक्केवारी नाही, वापर अर्थपूर्ण प्रमाणात घटवावा एवढेच म्हटले आहे. म्हणून स्थानिक कार्यक्रमाने पशुपालनाचे स्वतःचे लक्ष्य स्वतः ठरवावे लागेल, आणि ते पशुवैद्यांनी व पशुपालकांनी मान्य केलेले असावे.

क्रमाबद्दल माझा सल्ला असा. पहिल्या वर्षी एक प्रयोगशाळा नीट उभी करावी, तिन्ही क्षेत्रांतील ई. कोलायचे आधारमापन घ्यावे, रुग्णालयातील हातांची स्वच्छता आणि कॅथेटरची निगा सुधारावी, आणि प्राण्यांतील ज्या दोन आजारांसाठी सर्वाधिक प्रतिजैविके जातात त्यांवर लस व व्यवस्थापन यांचे काम सुरू करावे. वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके आणि कोलिस्टिन यांच्या बाबतीत वाट पाहायचे कारण नाही. ते पहिल्याच महिन्यात बंद करण्यासारखे आहे. परिसरात औषध कारखाना असेल तर त्याच्या सांडपाण्याचे मापनही याच वर्षी सुरू व्हावे. जनजागृतीची मोहीम मी दुसऱ्या वर्षावर ढकलीन, कारण लोकांना काय सांगायचे हे स्वतःच्या आकड्यांवरून तोवर ठरलेले असेल. समितीचे अध्यक्षपद आरोग्य विभागाकडेच कायम न ठेवता फिरते ठेवावे, आणि तिन्ही विभागांच्या अंदाजपत्रकात प्रतिरोधाचे स्वतंत्र शीर्ष असावे. ज्याच्याकडे पैसा नाही तो विभाग बैठकीला कनिष्ठ अधिकारी पाठवतो, हा माझा अनुभव आहे. अपेक्षाही वेळेनुसार ठेवाव्यात. औषधवापर वर्षभरात घटलेला दिसू शकतो, कोंबड्यांतील साल्मोनेलाचा प्रतिरोध दोन वर्षांत, रुग्णालयातील क्लेब्सिएलाचा मात्र त्याहून बराच उशिरा, आणि तोही प्रसार खरोखर थांबला असेल तरच. पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रतिरोधाचे आकडे हलले नाहीत म्हणून निधी कापण्याचा प्रस्ताव येईल, तो येणार हे गृहीत धरून मूल्यमापनाची तारीख आरंभीच्याच आदेशात तिसऱ्या वर्षाची लिहून घ्यावी.